ताण तोडला म्हणून दुसऱ्या दिवशी फूल येत नाही

पत्र: "डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी वरुड तालुक्यातला संत्रा उत्पादक, साडेचार एकर बाग आहे. पत्र माझ्या मिसेसबद्दल आहे, वय ३६. मागच्या उन्हाळ्यात तिची आई वारली. दोन-तीन महिने ठीक गेले, मग बोलणं कमी होत गेलं. पहाटे साडेतीनला उठून ओसरीवर बसून राहते. तोडणीच्या मजुरांचा हिशेब लग्नापासून तीच करते, कधी एक रुपया चुकला नाही. यंदा तीनदा बेरीज केली अन् वही माझ्याकडे सरकवून दिली. जेवण अर्ध्यावर. रडत नाही, नुसती पाहून राहते. अमरावतीला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं, ते डिप्रेशन म्हणाले. एस्सिटालोप्राम दिली, सात दिवस ५ ची, मग १० ची. झोपेसाठी क्लोनाझेपाम पंधरा दिवस. आज अकरावा दिवस. फरक शून्य, उलट मळमळ होऊन राहिली, जीव घाबरा होते म्हणते. माझे प्रश्न असे. १) घरात काही कमी नाही. कर्ज आहे, ते सगळ्यांनाच आहे. आई तर प्रत्येकाचीच जाते. मग हिलाच काऊन? २) डॉक्टर म्हणाले, सेरोटोनिन कमी झालं. मग शुगरसारखा रक्त काढून आकडा का नाही पाहिला? ३) मेव्हण्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, त्यात सांगते की सेरोटोनिनची गोष्ट खोटी निघाली, कंपन्यांनी गोळ्या खपवायला रचली. ४) सवय लागली तर? घरचे म्हणतात, डोक्याच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत. परवा रात्री ती म्हणाली, झोपेतच गेले तर बरं होईल, तुम्ही तरी मोकळे व्हाल. मी विषय बदलला. काय करावं? – एक वाचक"

भाऊ, चार प्रश्नांना तुम्ही आकडे दिलेत आणि पाचवी गोष्ट आकडा न देता शेवटी टाकलीत. मी तिथूनच सुरू करते.

तुम्ही विषय बदललात, कारण बोललं तर ते खरं होईल अशी भीती वाटली. बहुतेक घरांत असंच होतं. पण जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात पेरला जात नाही. हे अभ्यासांतून तपासून झालं आहे. उलट सांगायला जागा मिळाली की माणूस थोडा हलका होतो. आज रात्री पोरं झोपली की तिच्याजवळ बसा आणि तुमच्याच बोलीत विचारा, "तू परवा म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. जीव द्यावा असं वाटते का? कधी, कसं, असं काही मनात ठरवलं का?" "नाही हो, नुसता थकवा आला" असं म्हणाली तरी दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या डॉक्टरांना फोन करून तिचं ते वाक्य जसंच्या तसं सांगा. "हो" म्हणाली, किंवा काहीच न बोलता मान फिरवली, तर तिला क्षणभरही एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मजूर, बाजार, व्यापारी, सगळं भावावर टाका.

दुसरं काम उजाडायच्या आधीचं. मोटरच्या खोलीत फवारणीची औषधं असतील. कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली म्हणजे झालं असं समजू नका. घरातल्या बाईला घरातल्या सगळ्या किल्ल्या माहीत असतात. ती औषधं दुसऱ्याच्या घरी हलवा. गोळ्यांचं पाकीटही तुमच्याजवळ ठेवा आणि रोजची गोळी हातावर द्या. श्रीलंकेने सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. तिथल्या लोकांची दुःखं काही तेवढी कमी झाली नव्हती. ती वाईट घटका आली तेव्हा हाताशी डबा नव्हता, आणि घटका निघून गेली. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. तिलाही द्या, तुम्हीही वापरा.

आता "हिलाच काऊन?" याचं उत्तर तुम्ही दर हिवाळ्यात बागेत पाहता.

आज तुमची बाग ताणावर असणार. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडलं असेल, पानं मलूल होऊन पिवळी पडू लागली असतील. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, तिथे दिवस कमी. भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते, तिथे दिवस जास्त. एकाच विहिरीवरच्या दोन तुकड्यांनासुद्धा एक हिशेब लागत नाही. माणसांचीही अशी जमीन असते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं, की नैराश्य कुणाला होतं आणि कुणाला नाही यातला सुमारे ३७ टक्के फरक अनुवंशाच्या खात्यात जातो. त्यासाठी एखादं 'नैराश्याचं जनुक' नाही. पुष्कळ जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. उरलेल्यात बालपण, बाळंतपणं, आजारपणं, तुटलेली झोप आणि वरून बसलेले घाव. तुमच्या मेव्हण्याचीही आई तीच होती. तो व्हिडिओ पाठवतो आहे आणि ही ओसरीवर बसली आहे. जमीन वेगळी.

फरक इतकाच, की बागेला ताण आपण दिवस मोजून देतो. जास्त झाला तर फांद्या वाळतात, सल पडते, हे ठाऊक असतं म्हणून रोज चक्कर मारून पानं बघतो. बाईमाणसाच्या ताणाचे दिवस कोण मोजतं?

हा ताण शरीरात बसतो कसा, ते सांगते. मेंदूच्या बुडाशी एक छोटा भाग आहे. तो खालच्या पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना निरोप देते, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. संकटात हे कामाचं आहे. रात्री बागेत रानडुकरं शिरली की तुम्ही ज्या तडफेने उठता, त्यात याचा हात असतो. रोज पहाटेही ते वाढतं, आपल्याला जागं करायला. पुरेसं झालं की मेंदू स्वतःच ब्रेक लावतो. नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत, सगळ्यांत नाही, हा ब्रेक सैल पडलेला सापडतो. नेहमीपेक्षा दोन-दोन तास आधी जाग येणं आणि सकाळ सगळ्यात जड जाणं हे आमच्याकडे या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. तुमची साडेतीनची ओसरी वाचली तेव्हाच मी पेन खाली ठेवलं.

आणि मग ती वही. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, ज्यांना हा आजार पुन्हा पुन्हा झाला त्यांच्यात सरासरीने किंचित लहान आढळतो. कपाळामागचा भाग, जो चार आकडे एकाच वेळी धरून ठेवतो, तो मंदावतो. भीतीची घंटा वाजवणारा भाग मात्र जरा खुट्ट झालं की वाजतो. हे सगळं शेकडो लोकांच्या सरासरीतून कळलेलं आहे. एका बाईचा एमआरआय काढून "हे बघा डिप्रेशन" असं दाखवता येत नाही. पण जी बाई लग्नापासून मजुरांचा हिशेब रुपयाही न चुकता जुळवते ती तीनदा बेरीज करून वही सरकवते, तेव्हा तो आळस नसतो. तिला बेरीज येत नव्हती असं नाही. दुसरा आकडा धरेपर्यंत पहिला निसटत होता. आणि ते तिला कळत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

चिकनगुनिया झाला होता का तुम्हाला? त्या दिवसांत बोलणं नको, जेवण नको, दार लावून पडावंसं वाटतं. ते मनाचं दुबळेपण नसतं. शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदूला "पडून राहा" म्हणून रसायनं पाठवते. नैराश्याच्या काही रुग्णांच्या रक्तात अशी दाह दाखवणारी द्रव्यं वाढलेली सापडतात. काविळीच्या सी प्रकारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा पुष्कळ रुग्णांना औषधामुळेच खरंखुरं नैराश्य यायचं. म्हणजे हा आजार 'फक्त मनाचा' म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

"आई सगळ्यांचीच जाते" हे वाक्य तिच्यासमोर बोलला असाल तर पुन्हा बोलू नका. आईचं दुःख लाटेसारखं येतं. आठवण आली की रडू येतं, मग कुणी आईचा एखादा किस्सा सांगितला की हसूही येतं. तुमच्या घरात रडणंही थांबलं आहे. दुःखातून सुरुवात झाली असेल, आता ते दुःख राहिलेलं नाही.

रक्ताच्या आकड्याचं म्हणाल तर तुमचा प्रश्न रास्त आहे. पण सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक आतड्यात असतं. रक्तात जे असतं ते प्लेटलेट नावाच्या पेशींत भरलेलं असतं. मेंदूभोवती एक चाळण आहे, रक्तातलं सेरोटोनिन तिच्यातून आत जात नाही आणि आतलं किती ते बाहेरून कळत नाही. गावच्या बोअरचं पाणी मोजून तुमच्या विहिरीची पातळी सांगता येईल का? तसंच. आकडा दिला तरी तो कुचकामी. मात्र दुसरे काही आकडे जरूर काढून घ्या: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. थायरॉइड मंदावलं की हुबेहूब असंच दिसतं, आणि त्याची गोळी वेगळी असते. अमरावतीला या तपासण्या झाल्या का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता मेव्हण्याचा व्हिडिओ. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो इतका पटतो.

ही गोष्ट आपल्याच मातीतल्या एका मुळापासून सुरू होते. सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं की सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, ते जगभर वापरात आलं, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना उदासी आल्याच्या नोंदी होऊ लागल्या. रेसर्पिन मेंदूच्या पेशींतला सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या निरोप नेणाऱ्या रसायनांचा साठा रिकामा करतं, असं दिसलं. तिकडे १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देत होते, आणि महिनोन् महिने खाटेवर पडलेली माणसं हसू-बोलू, नाचूसुद्धा लागली. हे औषध तीच रसायनं मोडणाऱ्या एन्झाइमला अडवत होतं. १९५० च्या दशकातच स्वित्झर्लंडच्या रोलंड कुन यांनी इमिप्रामिन हे औषध दिलेल्या रुग्णांत नैराश्य उतरताना पाहिलं. रसायन घटलं की उदासी, वाढलं की उभारी. दोन टोकं जोडायला किती वेळ लागतो! १९६५ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनालिनबद्दल तशी मांडणी केली, मग सेरोटोनिन पुढे आलं. १९८७ च्या शेवटी अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला, तुमच्या एस्सिटालोप्रामच्याच जातीच्या गोळीला, परवानगी मिळाली आणि त्यानंतर 'रसायन कमी झालं, गोळीने भरून काढा' ही गोष्ट जाहिरातींनी घरोघर पोचवली.

इथे मला कबुली द्यायची आहे. मीही कित्येक वर्षं हेच सांगत आले. बाहेर साठ रुग्ण बसलेले, एकेकाला चार मिनिटं, आणि समोर सासू विचारते, "सुनेला झालं काय?" "मेंदूतलं एक द्रव्य कमी झालं, जसं रक्त कमी होतं" म्हटलं की सासू मान डोलावते, सुनेला आळशी म्हणणं थांबवते. गोष्ट सोपी होती, कामाची होती, पण पुरती खरी नव्हती. २०२२ साली लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला, आणि नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होतं याला ठाम पुरावा मिळत नाही असं लिहिलं. तुमच्या व्हिडिओचं मूळ बहुधा तेच असावं. तुमच्या डॉक्टरांनीही, मला वाटतं, माझ्यासारखीच घाई केली.

पण 'कमतरता सिद्ध नाही' म्हणजे 'गोळी खोटी' असं होत नाही, आणि व्हिडिओ नेमकी इथे उडी मारतो. नवी वहाण लागली की आपण खोबरेल लावतो, बरं वाटतं. वहाण काही खोबरेल कमी पडल्यामुळे लागत नाही. गोळीचा उपयोग होतो का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो वेगळा तपासलेला आहे. २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्यावरच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या. त्यांत १ लाख १६ हजारांवर रुग्ण होते. औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा २१ च्या २१ औषधं सरस ठरली. पण किती सरस? जादू वाटावी इतकी नाही. साखरेच्या गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, औषधाने त्याहून आणखी काहींना. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधावर पूर्ण बरे झालेले साधारण तिघांत एक होते. बाकीच्यांना मात्रा किंवा औषध बदलावं लागलं. आजार जितका खोल, तितका गोळीचा फायदा सहसा स्पष्ट दिसतो. पहाटे साडेतीनची ओसरी, सुटलेलं जेवण, निसटणारे आकडे आणि ते परवाचं वाक्य, एवढं सगळं ज्या घरात आहे तिथे मी गोळी थांबवणार नाही.

ती गोळी आत गेल्यावर काय करते? मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, दुसरी ते ओळखते, आणि काम झालं की पहिल्या पेशीवरचे छोटे पंप उरलेलं परत ओढून घेतात. एस्सिटालोप्राम हे पंप अडवते. नेहमीच्या मात्रेत सुमारे ८० टक्के पंप बंद पडतात, आणि तेही पहिल्या काही तासांत. मग फरक दुसऱ्याच दिवशी दिसायला हवा होता. तुम्ही अकरा दिवस वाट बघता आहात, ते का?

छतावरची टाकी आठवा. पातळी वाढली की बॉलकॉक वर येतो आणि पाणी बंद करतो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींनाही तसा बॉलकॉक आहे. फटीत माल वाढलेला दिसला की ती पेशी सोडणंच कमी करते. म्हणजे पहिले काही दिवस एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. दोन-तीन आठवडे सतत पातळी वर राहिली की हा बॉलकॉक सैल पडतो, मग कुठे खरा पुरवठा वाढतो. आणि तोही शेवट नव्हे. त्यापुढे पेशींच्या आत पोषणाची द्रव्यं वाढतात, वाळलेल्या फांद्यांना पालवी फुटावी तसे पेशींचे नवे जोड तयार होतात; प्राण्यांवरच्या प्रयोगांत हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशीही उगवलेल्या दिसल्या. या साखळीतली प्रत्येक कडी अजून पक्की बसलेली नाही, पण दिशा ती आहे. ताण तोडून पहिलं हलकं पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही फूल शोधत नाही. मुळं आधी जागी होतात.

मळमळ का, तेही आता कळलं असेल: बहुतेक सेरोटोनिन आतड्यात, आणि गोळीला मेंदू आणि आतडं वेगळं कळत नाही. गोळी जेवणानंतर द्या. बहुतेकांची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाते. जीव घाबरा होणं, पाय एका जागी न ठरणं हेही सुरुवातीला होतं. पण ते वाढत असेल तर सोसू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा कमी करून सावकाश वाढवता येते. पंचविशीच्या आतल्या मुलांत पहिल्या आठवड्यांमध्ये जीव देण्याचे विचार कधी कधी वाढतात म्हणून आम्ही जास्त लक्ष ठेवतो. ती ३६ ची आहे, तरी परवाच्या वाक्यामुळे तुम्हीही तेवढंच लक्ष ठेवा. आणि उलटं काही दिसलं, म्हणजे झोप दोनच तास पण अंगात उत्साह मावेना, बडबड थांबेना, पैसे उधळणं सुरू, तर लगेच फोन करा. कारण मग आजार दुसरा निघतो आणि औषधही बदलावं लागतं.

फरक कुठे दिसेल ते सांगते, कारण तुम्ही चुकीच्या ठिकाणी बघाल. तुम्ही तिच्या हसण्याची वाट बघत आहात. ते सगळ्यात शेवटी येतं. आधी झोप सुधारते, मग भूक, मग हालचाल. कॅलेंडरच्या ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच रोज दोन गोष्टी लिहा: किती वाजता उठली, किती पोळ्या खाल्ल्या. साडेतीनचे साडेचार झाले तर तिला कळणारही नाही, ती म्हणेल "काही फरक नाही". कॅलेंडर दुसरं सांगेल. माझ्याकडे एक बाई यायची, दर वेळी "तसंच आहे" म्हणायची. पाचव्या आठवड्यात तिची मुलगी म्हणाली, "मॅडम, आईने काल माझी वेणी घातली." बाईने मुलीकडे असं पाहिलं, जणू चोरी पकडली गेली.

ऑक्सफर्डच्या संशोधकांना एक मजेशीर गोष्ट दिसली. मन हलकं वाटायच्या कितीतरी आधी, औषध घेणाऱ्यांना समोरच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं अधिक ओळखू येऊ लागतं. आजारात नजर फक्त कपाळावरची आठी टिपते. गोळी ती नजर जराशी सरळ करते. पण ओळखायला समोर हसरा चेहरा तर हवा! म्हणून घरातल्यांचं काम गोळीइतकंच मोठं आहे. "उठ, मन रमव, देवळात जा" असलं सांगणं नको. तिला जमेल एवढं एकच काम, ठरलेल्या वेळी, तुमच्यासोबत. संध्याकाळी बागेच्या बांधापर्यंत दोघांनी चालून यायचं, बोलायलाच हवं असं नाही. चार दिवसांनी त्यात मेथी निवडणं घाला. गोव्यात याच पद्धतीचे सहा ते आठ समुपदेशन भेटींचे उपचार, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिले. २०१७ च्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारात ३९ टक्के आणि या जोड-उपचारात ६४ टक्के होतं. तुमच्याच अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणं सुरू केलं, आणि नैराश्यातून जाणाऱ्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. तुमच्या आशाताईंना विश्वासात घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे समुपदेशनाची चौकशी करा.

सवयीबद्दल घरचे अर्धे बरोबर आहेत, फक्त गोळी चुकीची धरली आहे. सवय लागते ती क्लोनाझेपामची. म्हणूनच ती पंधरा दिवसच लिहिली आहे. सोळाव्या दिवशी "झोप छान लागते" म्हणून मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणू नका. एस्सिटालोप्रामची तलफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण ती अचानक तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, कारण मेंदू जुळवून घेतलेला असतो. ज्यांनी मनाने बंद केली, त्यांना हा त्रास झाला, त्यांनी पुन्हा सुरू केली, आणि गावभर झालं की "सुटत नाही". सोडायची असते, टप्प्याटप्प्याने, डॉक्टर सांगतील तशी. कधी? पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने. आयुष्यभर नाही. तोडणी आटोपली, मोसम संपला, आता बरी दिसते म्हणून मध्येच बंद करणारे माझ्याकडे परत येतात ते पहिल्यापेक्षा वाईट होऊन.

आणखी दोन सूचना. कंबर दुखली म्हणून ट्रामाडॉल तिला देऊ नका, या गोळीबरोबर ते धोक्याचं आहे. डायक्लोफेनॅकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, ते आणि ही गोळी मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि या गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते, हे दवाखान्यात कुणी सांगत नाही आणि घरी कुणी विचारत नाही. तसं झालं तर तो तिचा तुमच्यावरचा राग समजू नका, डॉक्टरांना सांगा. त्यावर उपाय आहेत.

मजुरांची वही तूर्त तुम्हीच सांभाळा, पण तिच्या नजरेसमोर, ओसरीवर बसून. चुकलात तर चुकू द्या.

परत दाखवायची तारीख तुम्ही कळवलेली नाही, पण गोळी सुरू झाल्याचे दिवस मोजले तर ती याच पंधरवड्यात येईल, ताण तोडायच्या सुमारास. बागेला पाणी एक दिवस उशिरा सुटलं तरी चालेल. अमरावतीला दोघं मिळून जा, आणि कॅलेंडरचं पान फाडून सोबत न्या.